कारखान्याचें सांडपाणी आणि शेतकऱ्याची दक्षता

हळद, ऊंस व कापूस पिकविणाऱ्या आमच्या हट्टा-वसमत भागांत उद्योगधंदे वाढावे, ही शेतकऱ्याची इच्छा रास्तच आहे. मालास जवळ गिऱ्हाईक मिळालें व मुलांस काम लाभलें, तर तें कोणास नको आहे? परंतु कारखान्याबरोबर त्याचें सांडपाणीही येतें. तें कोठें जाणार, हा प्रश्न पाया खणण्यापूर्वीं विचारावयाचा असतो. विहीर नासल्यानंतर नव्हे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां असें एक प्रकरण त्याच्या हातून गेलें. एका शेतकऱ्याच्या विहिरीस वास येऊं लागला व त्या पाण्यावरील पीक पिवळें पडलें. त्यानें तेलाच्या जुन्या बाटलींत पाणी भरून कचेरींत आणिलें. पंचनामा मींच लिहिला. त्यांत गट नंबर, पीक व नुकसानीचा अंदाज होता. परंतु पाणी कोणत्या नाल्यानें व कोणत्या दिवशीं आलें, याविषयीं एकही ओळ नव्हती. बाटली पुरावा म्हणून कोणीं स्वीकारिली नाहीं व प्रकरण दप्तरांत पडून राहिलें. ती उणीव माझीही होती. सबब हा लेख.

सांडपाण्याची पूर्वशुद्धि म्हणजे काय, हें प्रथम समजून घेऊं. गटारीच्या किंवा सामायिक शुद्धिकेंद्राच्या टाक्यांत सूक्ष्म जंतु मळ खाऊन पाणी स्वच्छ करितात. तेथें तीव्र आम्ल, तेल किंवा जड धातु गेले तर ते जंतुच मरतात व पाणी जसेंच्या तसें बाहेर पडतें. म्हणून प्रत्येक कारखान्यानें आपल्या आवारांतच तेल वेगळें काढावें, आम्लाचा निरास करावा व धातु चुन्यासारख्या द्रव्यानें तळाशीं बसवावे. हा तळाचा गाळ पुष्कळदां घातक असतो. तो उकिरड्यावर टाकणें किंवा खत म्हणून कोणाच्या रानांत पसरणें हा गुन्हा होय. २०१६ च्या नियमांप्रमाणें तो नोंद ठेवून अधिकृत जागींच पाठवावा लागतो. तळोजा, रांजणगांव व बुटीबोरी येथें अशा सोयी आहेत.

कायदा नवा नाहीं. महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला व १९७० सालीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. पुढें मध्यवर्ती सरकारचा १९७४ चा कायदा येथें १९८१ पासून लागू झाला. त्याच्या कलम २५ अन्वये संमतीवांचून सांडपाणी सोडतां येत नाहीं. पाण्यांतील मळ कुजण्यास किती प्राणवायु लागतो, त्यावरून मळाचें मान ठरवितात. सर्वसाधारण मर्यादा लिटरास मिलिग्रॅममध्यें अशी: गटारींत सोडावयाचें असल्यास ३५०, शेतीस द्यावयाचें असल्यास १००, व नदीनाल्यांत सोडावयाचें असल्यास ३०. शुद्धीची यंत्रणा चालू नसलेला कारखाना चालूं देऊं नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं दिला आहे.

साखर कारखान्यांसाठीं २०१६ सालीं वेगळे नियम झाले. गाळप सुरू होण्यापूर्वीं एक महिना शुद्धियंत्रणा स्थिर करावयाची व हंगामानंतरही एक महिना ती चालू ठेवावयाची. शुद्ध केलेलें पाणी शेतांत सोडण्यासही माप आहे: वाळूच्या जमिनीस हेक्टरीं दररोज २२५ ते २८० घनमीटर, तर चिकण जमिनीस ३५ ते ५५ घनमीटरच. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. सबब ‘फुकटचें पाणी’ म्हणून पाट उघडणाऱ्यानें हा आंकडा लक्षांत ठेवावा.

घातक द्रव्यांचा धोका पाण्यापुरताच नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २०१६ व २०२४ सालीं, दोन्ही वेळां मे महिन्यांत, स्फोट होऊन माणसें दगावलीं. वस्ती व कारखाना यांत अंतर किती असावें, हें पुढें शोधीत बसण्यापेक्षां आरंभींच ठरविलेलें बरें.

आतां शेतकऱ्यानें करावें काय? नवा कारखाना येत असेल तर ग्रामसभेंत तीन गोष्टी लेखी विचाराव्या: सांडपाणी किती, कोणत्या नाल्यांत, आणि गाळ कोठें? संमतीच्या अटींची नोंदवही मंडळानें ठेवावयाची असते व बाधित मनुष्यास ती पाहण्याचा हक्क कायद्यानेंच दिलेला आहे. कारखाना येण्यापूर्वींच आपल्या विहिरीचें पाणी एकदां तपासून कागद जपून ठेवावा. मागाहून तुलनेस तोच उपयोगी पडतो.

पाणी बिघडल्यास बाटली घेऊन कचेरींत धांवूं नये. तारीख, वेळ, नाल्याची दिशा व गट नंबर लिहून, छायाचित्रें जोडून, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयास तत्काळ अर्ज द्यावा, कलम २१ प्रमाणें नमुना घेण्याची मागणी करावी व अर्जाची पोंच घ्यावी. अधिकाऱ्यानें कारखानदारास सूचना देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, मोहोर व सह्या घेतल्या म्हणजेच तो न्यायालयांत टिकतो. पंचनाम्यांतही पाण्याचा मार्ग लिहवून घेतल्याशिवाय सही करूं नये.

आपणही निर्दोष असावें. कीटकनाशकाचे डबे ओढ्यांत धुणाऱ्यास कारखान्याकडे बोट दाखवितां येत नाहीं. माझ्या दप्तरांतील तो पंचनामा आतां दुरुस्त होणें नाहीं. परंतु पुढचा पंचनामा पुरा लिहिला जाणें वाचकांच्या हातीं आहे.