भोवरा, गोळी आणि कॉन्डॉर

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या मुलांचा भोवऱ्यांचा डाव रंगला होता. एकाचा भोवरा काही केल्या नीट फिरेना. जमिनीवर पडला की लटपटायचा आणि आडवा व्हायचा. मी हातात घेऊन पाहिला, तर आर मधोमध ठोकलेलीच नव्हती!

"बाई, एवढ्याशा चुकीनं एवढं होतं?"

"अरे, एवढ्याशा चुकीनं बंदुकीची गोळीसुद्धा वाट चुकते!"

कशी, ते पाहा. रायफलीच्या नळीत आतून स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असतात. त्यामुळे गोळी गरगरतच बाहेर पडते. शिकारीच्या नेहमीच्या रायफलीची गोळी सेकंदाला तीन हजारांच्या वर गिरक्या घेते, बरं का! म्हणूनच तिचं टोक पुढे राहतं.

शिकारीच्या गोळीत बहुधा शिसं असतं आणि वरून तांब्याचं पातळ कवच. शिसंच का? ते जड असतं म्हणून. एकाच जोरानं खडा आणि कागदाचा बोळा फेकून पाहा. हवा बोळ्याला लगेच अडवते, खड्याला तितकं नाही. शिवाय शिसं मऊ. जनावराला लागताच गोळी भूछत्रासारखी पसरते आणि जनावर तडफडत न राहता लवकर मरतं.

पण कवच एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ झालं, तर? त्या भोवऱ्यासारखीच गत! आणि चूक अंतराबरोबर वाढते. ५० मीटरवरची १ सेंटिमीटरची चूक ४०० मीटरवर निदान ८ सेंटिमीटर होते. नेम चुकला, की जनावर नुसतं जखमी होऊन पळतं.

आता गोष्टीत एक पक्षी येतो. अमेरिकेतला कॅलिफोर्निया कॉन्डॉर. पंख पसरले की साडेनऊ फूट! हा गिधाडासारखा मेलेली जनावरं खातो. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात. शिशाच्या गोळीचे बारीक कण त्यात विखुरलेले असतात. कॉन्डॉर ते गिळतो आणि त्याला विषबाधा होते. १९८२ साली जगात फक्त २२ कॉन्डॉर उरले होते! १९८७ मध्ये रानातले शेवटचे पक्षीही पकडून आणले, पिंजऱ्यात पिल्लं वाढवली आणि १९९२ पासून ती पुन्हा सोडायला सुरुवात केली.

पण रानात शिसं होतंच. मग पुढे आली सबंध तांब्याची गोळी. ती टोकाशी पाकळ्यांसारखी उमलते, पण सहसा फुटत नाही. शिकारी मात्र कुरकुरले, "ही आमच्या बंदुकीतून नीट जात नाही!" त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. शिसं पाण्याच्या सुमारे ११ पट जड, तर तांबं सुमारे ९ पट. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहायला गिरक्या जास्त लागतात. शिवाय फार लांबवर वेग कमी झाला, तर ती नीट उमलत नाही. म्हणजे शिकाऱ्यानं काय करायचं? आपल्या बंदुकीला मानवणारी गोळी शोधायची, नेम नव्यानं बसवायचा आणि जनावराच्या जवळ जायचं.

कॅलिफोर्नियात २०१३ साली कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. आज कॉन्डॉर पाचशेच्या वर आहेत. तरी शिशाचा धोका टळलेला नाही, कारण सगळीकडे असा कायदा नाही.

आपल्याकडे तर रानातल्या प्राण्यांच्या शिकारीलाच बंदी आहे. पण आपली गिधाडंही अशाच न दिसणाऱ्या विषानं गेली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानं! जनावरांसाठी ते वापरायला २००६ साली बंदी झाली.

आमच्या त्या पठ्ठ्यानं दुसऱ्या दिवशी आर काढून मधोमध ठोकून आणली. भोवरा असा फिरला म्हणता! मग म्हणाला, "बाई, नेम धरणाऱ्यानं नुसतं पुढचं बघून चालत नाही. मागं काय राहतं, तेही बघायला हवं ना?"

आता यावर बाई काय बोलणार?