प्रवेशाआधीची कागदपत्रे

बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या नेरळ परिसरातील मुलामुलींच्या पालकांचे लक्ष साहजिकच सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, गुणांकडे लागलेले असते. परंतु गुण पुरेसे असूनही एखाद्या दाखल्यावाचून राखीव जागा किंवा शुल्कसवलत हातची जाऊ शकते, आणि म्हणूनच कागदपत्रे जमवण्याचे काम अकरावीतच हाती घ्यावे लागते.

यातील सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, मात्र तो खरा असल्याचे पडताळणी समितीने ठरवल्यावरच राखीव जागेवरील प्रवेश पक्का होतो. कर्जत तालुक्यातील ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर खरी अडचण येथेच उभी राहते, कारण अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख असून, त्यापूर्वीची वडिलांकडील नातेवाइकाच्या जमातीची नोंद, उदाहरणार्थ जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, सर्वांत भक्कम पुरावा मानली जाते. ज्या घरातून शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला यावा कोठून? अशा वेळी दक्षता पथक घरी जाऊन चौकशी करते आणि चालीरीती, देवदेवता, विवाहविधी यांवरून जमातीशी असलेला आप्तभाव तपासला जातो. तथापि ही चाचणी एकमेव निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर समाजाच्याच एका संघटनेच्या प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. नोंदीत कोठे ‘ठाकूर’ तर कोठे ‘ठाकर’ असले, तरी दोन्ही नावे अनुसूचीत आहेत, त्यामुळे तेवढ्याने खचून जाण्याचे कारण नाही.

पैशाची बाजू तुलनेने सरळ आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्याच्या संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, तर खुल्या गटासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ८ लाख रुपये आहे. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही, आणि घाईने तो कोटा स्वीकारणे म्हणूनच महागात पडते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी ‘स्वयं’ योजना आहे. तिची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने सादर करावा लागतो, ही गोष्ट दुसऱ्या वर्षी अनेकांच्या ध्यानातून निसटते. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते यांवरील नाव अक्षरशः एकच आहे की नाही आणि खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, एवढे तरी अकरावीतील मुलांच्या पालकांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत पाहून घ्यावे.