घर आपलं, खर्च आवाक्यातला (भाग ७) : पत्र्यावरचे दगड आणि तारेवरचे कपडे

मागच्या भागापर्यंत आपण घराच्या आतच होतो. मोरी, स्वयंपाकघर, भिंतींची ओल असं करत उंबऱ्यापर्यंत आलो. या आठवड्यात उंबरा ओलांडायचा आहे, आणि घराबाहेरची कामं समजून घ्यायला मी भिंगार निवडलं आहे. भिंगार हे नगर शहराहून जुनं गाव. मलिक अहमदनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस नगर वसवलं ते भिंगारच्या शेजारी. पुढे इंग्रजांची लष्करी छावणी आली आणि गावाला कॅन्टोन्मेंटची चौकट बसली. अशा जुन्या वस्तीत दगडमातीचं धाब्याचं घर, त्याला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली आणि पलीकडे नवा स्लॅब, असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. तिघांची दुखणी निराळी आहेत, म्हणून खर्चही निराळा करावा लागतो.

उन्हाळ्यात घराला हात लावायचा म्हटलं की पहिला विचार रंगाचा येतो. लग्नसराई असते, पाहुणे येणार असतात, ते समजण्यासारखं आहे. पण हातात दहा-पंधरा हजार रुपयेच असतील तर माझा आग्रह वेगळा आहे. जिथे जीव जाऊ शकतो तिथे आधी खर्च करा. मग जिथून पाणी आत येतं तिथे. एवढं करून उरले तर रंग. हा क्रम पाळला तर थोड्या पैशांत घर खरोखर सुधारतं.

सुरुवात पत्र्यापासून करू, कारण वळवाचा पाऊस दारात आहे. नगर जिल्ह्यात वळवाच्या आधी वारा येतो आणि तो पावसापेक्षा जास्त नुकसान करतो. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. ही पद्धत बंद व्हायला हवी. थोडा हिशोब मांडतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचं वजन भरतं बारा ते पंधरा किलो. ताशी ६० किलोमीटरचा वारा छपरावरून गेला की त्याच पत्र्याला वर ओढणारा जोर पन्नास किलोच्या पुढे जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. त्यात दार उघडं असेल तर वारा आत शिरून पत्र्याला खालूनही रेटतो. अशा वेळी दहा-बारा किलोचे दोन-तीन दगड काय धरून ठेवणार? पत्रा उचलला जातो आणि दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतात, नाही तर गल्लीतून जाणाऱ्यावर.

खरा उपाय हुकांचा आहे. पत्रा खालच्या पाइपला किंवा अँगलला जे-हुकानं, रबरी वॉशर घालून, घट्ट आवळलेला हवा. वाऱ्याचा जोर सगळ्या छपरावर सारखा नसतो, कडांना आणि कोपऱ्यांना तो सर्वांत जास्त असतो. म्हणून हूक थोडेच असतील तर ते कडेच्या पत्र्यांना दाट लावा, मध्ये विरळ चालतात. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, म्हणजे तिथून गळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाइप भिंतीत कसा बसवला आहे ते पाहा. तो मातीच्या भिंतीतल्या खोबणीत नुसता टेकवलेला असेल तर पत्रा पाइपासकट उडतो. भिंतीत काँक्रीटचा ठोकळा भरून, त्यात बोल्ट रोवून, पाइपला वेल्ड केलेली पट्टी त्यावर आवळली की छप्पर आणि भिंत एकमेकांना धरून राहतात. वेल्डरचं एखाद्या दिवसाचं काम आणि थोडं लोखंड, एवढाच हा खर्च आहे. सिमेंटचा पत्रा असेल तर आणखी एक काळजी घ्या. दुरुस्तीला चढणाऱ्यानं पत्र्यावर थेट पाय देऊ नये. जुना सिमेंट पत्रा कसलीही सूचना न देता फुटतो. दोन पाइपांवर टेकेल अशी रुंद फळी टाकावी आणि तिच्यावरूनच चालावं.

आता धाबं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर खारी, पांढरी माती, हे छप्पर या जिल्ह्याच्या कमी पावसाला आणि कडक उन्हाला शोभणारं आहे. खाऱ्या मातीचे कण भिजल्यावर फुटून पसरतात, मातीतली बारीक छिद्रं बुजवतात, आणि पाणी खाली उतरत नाही. ज्यांनी ही माती पहिल्यांदा निवडली त्यांची नजर मोठी होती. पण या छपराला एक सवय लागली आहे. गळलं की वर नवी माती टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा टाकायची, आणि जुनी कधी काढायचीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर एक इंच माती वाढवली तर साडेचारशे किलोच्या वर वजन वाढतं. चार-पाच इंच वाढले की खालच्या तुळयांवर दोन टनांचा जादा भार येतो, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तर वाळवीनं आधीच पोखरलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड छप्पर हे त्यातलं मोठं कारण होतं. नगरला भूकंपाची भीती दाखवायला मी हे लिहीत नाही. डोक्यावरचं वजन संकटाच्या वेळी काय करतं, ते आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे, एवढंच.

म्हणून धाब्याच्या घरात यंदा माती टाकण्याआधी माती काढा. वरचे जुने थर खरवडून, मूळ जाडी ठेवून, मग नवा पातळ थर उताराला धरून द्या. तुळईची टोकं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहा. तो सहज आत गेला तर टोक कुजलेलं आहे, आणि त्या टोकाखाली लगेच टेकू हवा. लोखंडी पाइपाचा खांब, खाली-वर पट्टी आणि खाली नीट टेकायला फरशी, इतकंही पुरतं. पावसाळ्यात भिंतीला पोट सुटलेलं दिसलं, म्हणजे भिंत मध्येच बाहेर फुगलेली दिसली, तर त्या खोलीत झोपू नका. ती भिंत घरगुती उपायांच्या पलीकडे गेलेली असते. तिथे इंजिनीअरच लागतो.

स्लॅबच्या घराला पाण्याचं दुखणं असतं. आपल्याकडे पाऊस तो किती, असं म्हणून ते दुर्लक्षिलं जातं. नगरचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास धरला तरी हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसात मोजक्या दिवसांत येतो. गच्चीचा पाइप जोत्याजवळ अर्धवट सोडलेला असेल तर हे सगळं पाणी पायाशी मुरतं. खाली काळी माती असेल तर ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. लोक त्या चिरा दर दिवाळीला लांबीनं भरतात आणि त्या दर उन्हाळ्यात उघडतात. चीर भरण्याआधी पाइप जमिनीपर्यंत आणा, तिथून पाणी भिंतीपासून लांब न्या, आणि घराभोवती दोन-अडीच फुटांचा कोबा बाहेरच्या उतारानं करून घ्या. पाणी हौदात किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता आलं तर फारच उत्तम. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे ४६ हजार लिटर ही लहान गोष्ट नाही. गच्चीला याच महिन्यात पांढरा चुना मारलात तर खालची खोली दुपारी थोडी सुसह्य होते. हे सर्वांत स्वस्त काम, आणि घरच्या माणसांना एका सकाळी होण्यासारखं.

यापुढचा विषय विजेचा. पत्र्याची खोली, तिला बांधलेली लोखंडी तार, तारेवर ओले कपडे आणि जवळून गेलेली जुनी वायर, हे चित्र प्रत्येक वस्तीत आहे. वायरीचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासून फाटतं आणि पत्र्यात वीज उतरते. पत्र्यातून ती तारेत येते. कपडे काढायला गेलेली बाई चिकटते, तिला सोडवायला धावलेलाही चिकटतो. अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि एका घरातली दोन-दोन माणसं गेलेली असतात.

घरात एमसीबी बसवला आहे, मग काळजी कशाला, असं अनेकांना वाटतं. तो गैरसमज दूर व्हायला हवा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागला की पडतो. १६ अँपिअर म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. ओल्या अंगाच्या माणसातून २३० व्होल्टला वाहणारा प्रवाह असतो साधारण दोनशे मिलिअँपिअर. जीव जायला तो भरपूर झाला, पण एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. माणसाचा जीव वाचवणारं उपकरण वेगळं आहे, त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्या वाटेनं जमिनीत चालली, की क्षणार्धात पुरवठा तोडतं. दीड ते तीन हजार रुपयांत ते मिळतं. घेताना ३० मिलिअँपिअरचंच मागा, कारण १०० आणि ३००चीही येतात, आणि ती माणसासाठी नसतात. बसवायला परवानाधारक वायरमनच बोलवा आणि त्याच फेरीत अर्थिंग तपासून घ्या.

या एका उपकरणापुढे बाकी सगळी सजावट मला दुय्यम वाटते. पैसे अगदीच नसतील तर निदान लोखंडी तार सोडून नायलॉनची दोरी बांधा, आणि तीही पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला नको. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गल्लीत तुटलेली तार पडलेली दिसली तर लांब थांबा, मुलांना अडवा आणि महावितरणला १९१२वर फोन करा. कुणी चिकटलं असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

नळाला रोज पाणी येईल याची खात्री नसते तिथे अंगणात हौद असतोच, आणि त्यावर बहुतेक वेळा एक तडकलेली शहाबादी फरशी असते. लहान मूल असलेल्या घरात हे चालणार नाही. हौदाच्या तोंडाभोवती सहा इंचांची उंची बांधा, म्हणजे अंगणातलं घाण पाणी आत जात नाही, आणि वर कडी-कोयंड्याचं लोखंडी झाकण बसवा. हौद धुवायला उतरण्याआधी मोटरचा प्लग काढा. झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा करा. बंद हौदात हवा दूषित झालेली असू शकते. आतला माणूस कोसळला तर वरच्यानं लगेच आत उडी घेऊ नये. दोर टाकावा, आरडाओरडा करून माणसं गोळा करावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावं.

गच्चीचा जिना बाहेरून असेल आणि त्याला कठडा नसेल, तर तो या पावसाळ्याआधी व्हायलाच हवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार गच्चीचा कठडा किमान एक मीटर उंच लागतो. आपल्याकडे दोन-अडीच फुटांवर थांबलेले कठडे पुष्कळ आहेत, आणि संक्रांतीला पतंग उडवणारी मुलं वर पाहत मागे मागे सरकत असतात. विटा परवडत नसतील तर आहे त्या कठड्यावर लोखंडी पाइपाच्या दोन आडव्या रांगा वेल्ड करून घ्या. जिन्याला उभे गज लावणार असाल तर दोन गजांत चार इंचांहून जास्त अंतर नको, लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये.

अंगणातला विटांचा आणि लाकडांचा ढीग पावसाआधी भिंतीपासून हलवा, तिथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. मोरीच्या बाहेरच्या तोंडाला जाळी बसवा. दारावर एक एलईडी दिवा लावा.

भिंगारकरांसाठी एक खास सूचना. छावणी परिषदेच्या हद्दीत बांधकामाचे नियम महापालिकेहून वेगळे आहेत. तिथे २००६चा छावणी कायदा लागू होतो. चुना, गिलावा, हूक बदलणं ही किरकोळ दुरुस्ती झाली. पण नवी भिंत, नवी शेड, जादा मजला किंवा मूळ बांधकामात मोठा बदल करायचा असेल तर आधी परिषदेच्या कार्यालयात अर्ज करा आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत गवंडी लावू नका. मंजुरीशिवाय केलेलं काम पाडायची नोटीस आली तर वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात.

पुढच्या भागात हौदाची गळती आणि ती बंद करण्याचे उपाय पाहू. तोपर्यंत एक करा. तुमच्या घरात आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आहे, ते आज दाबून पाहा. वीज गेली तर ते काम करतं आहे, खटका पुन्हा वर करा. नाही गेली तर वायरमनला बोलवून ते याच आठवड्यात बदलून घ्या.