तिथी पाहून आलेली वादळं

ठाण्यात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला तुम्ही विचारलंत, ‘काय हो, तुम्ही बेटावर राहता का?’ तर तो तुमच्याकडे संशयाने पाहील. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप येतं, नाहीतर शाळेच्या नकाशावरचे वेस्ट इंडीजचे ठिपके. पण ठाणे शहर साष्टी बेटाच्या कडेला वसलेलं आहे. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीचा काठ घासत खाली येते, काशेलीजवळ तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो. ठाण्याहून कळव्याला जाताना लोकल जो अरुंद पाण्याचा पट्टा ओलांडते, तो ओलांडताना आपण रोज बेट सोडत असतो. फक्त तेव्हा आपलं लक्ष चौथ्या सीटकडे असतं.

खरे बेटकरी मात्र जवळच आहेत. नायगाव आणि भाईंदरच्या मधे, वसईच्या खाडीत पाणजू नावाचं गाव आहे. पश्चिम रेल्वेचे पूल या बेटावरून जातात. गाडीतून निर्माल्याच्या पिशव्या खाली भिरकावणाऱ्या भाविकांना बहुधा ठाऊक नसतं, की खाली माणसं राहतात. वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचं बेट आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला तिथे आहे आणि किल्ल्याभोवती कोळ्यांची वस्ती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही बेटं ठाणे जिल्ह्यातच होती. तिथे चढून बसावं असा डोंगर नाही. भरतीची रेघ आणि घराचा उंबरा यांत अंतर थोडं. मोठं वादळ येतं तेव्हा ही माणसं काय करतात, हे समजून घेण्यात मला नेहमीच रस वाटत आला आहे.

त्याला माझी जुनी नोकरीही कारणीभूत आहे. बँकेत असताना होड्यांच्या कर्जांची प्रकरणं माझ्या टेबलावर येत. तपासणीसाठी बंदरावर जावं लागे. तेव्हा एक गोष्ट मनावर ठसली. आमच्या कागदावर होडी म्हणजे ‘तारण’ असे. कोळ्याच्या हिशेबी ती घर होती, शेत होती आणि मुलीच्या लग्नाची ठेवही होती. वादळाचा इशारा मिळाल्यावर सरकारी माणूस येऊन म्हणतो, ‘चला, शाळेत चला.’ बायकामुलं जातात, म्हातारे कुरकुरत जातात. घरातला कर्ता पुरुष जात नाही. आपण शहरात बसून म्हणतो, काय हा अडाणी हट्ट! पण सात-आठ वर्षांचे हप्ते ज्या होडीवर उभे आहेत, ती दोरी तुटून दगडांवर आपटणार असेल, तर शाळेच्या सतरंजीवर कोणाला झोप येईल?

तौक्ते वादळानंतर काही महिन्यांनी अर्नाळ्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलाशी गप्पा झाल्या. १७ मे २०२१ ला ते वादळ मुंबईसमोरून उत्तरेला गेलं. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचले. मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह भरकटून बुडाला आणि त्यातली सत्तरहून अधिक माणसं गेली. मी तांडेलाला विचारलं, ‘भीती नाही वाटली?’ तो म्हणाला, ‘वाटली ना साहेब. पण पंचमी होती.’

माझ्यासारख्या ठाणेकराला या उत्तराचा अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग त्याने बोटांवर हिशेब करून दाखवला. आपल्या किनाऱ्यावरचा हा जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरणार. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. पंचमीला पावणेचार. दुसरी गोष्ट, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाण्याला उधाण असतं, आणि अष्टमीनंतर दोन दिवस भांग, म्हणजे भरती लहान आणि ओहोटीही लहान. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती भांगाच्या भरतीपेक्षा मीटरभर तरी अधिक चढते. घराचा उंबरा हातभर उंच असणाऱ्याला हा मीटर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

चक्रीवादळात माणसं वाऱ्याने मरतात अशी आपली समजूत असते. वारा पत्रे उडवतो, झाडं पाडतो, क्वचित जीवही घेतो. पण सखल बेटावर खरा मारेकरी पाणी. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी, त्यामुळे समुद्र थोडा फुगतो. वारा ते पाणी किनाऱ्याकडे रेटतो. खाडीच्या निमुळत्या तोंडात शिरलं की त्याला पसरायला जागा उरत नाही. हे रेटलेलं पाणी नेमकं कुठल्या पाण्यावर चढतं, ओहोटीच्या की उधाणाच्या भरतीच्या, यावर सगळा निकाल असतो.

घरी येऊन मी जुनी पंचांगं काढली आणि आपल्या किनाऱ्यावरची वादळं मांडली. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला मोठं वादळ धडकलं, तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले होते, उधाण ओसरलेलं. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं, तेव्हा वद्य दशमी, भर भांग. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं, ते निर्जला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. पौर्णिमा तोंडावर होती, पाणी वाढतं होतं. पण द्वादशीचे बारा पाऊणे नऊ. वादळ दुपारी साडेबारानंतर रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा पाणी उतरत होतं. शिवाय पुष्कळ होड्या आधीच वर ओढलेल्या. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, ते दु:ख मोठंच. पण आपल्या खाडीत समुद्र शिरला नाही. आणि तौक्तेची ती पंचमी. वादळं जणू तिथी पाहूनच आली!

तिथी चुकली की काय होतं, तेही फार लांब जाऊन पाहायला नको. तौक्तेनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २६ मे २०२१ ला, ‘यास’ वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, चंद्रग्रहणही होतं. वादळ धडकलं ओडिशात. पण तिथून बऱ्याच दूर, सुंदरबनातल्या सागर, मौसुनी आणि घोडामारा बेटांवर वाऱ्यापेक्षा पाण्याने घात केला. उधाणाच्या भरतीवर वादळाचं पाणी चढलं आणि बांध ओलांडून गावात आलं. शेतं खारी झाली, गोड्या पाण्याची तळी खारी झाली, विड्याच्या पानांचे मांडव गेले. माणसं आधी हलवली होती म्हणून वाचली. त्याआधी, १९७० च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या भोला, हातिया, मनपुरा या सखल बेटांना कार्तिकी पौर्णिमेच्या तोंडावर, रात्रीच्या भरतीला वादळाने गाठलं. तेव्हा हलवलं कोणीच नव्हतं. मृतांचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत.

म्हणून ‘आपला किनारा सुरक्षित’ हे वाक्य मला पोकळ वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास आणि वालधुनी फुगल्या, आणि कल्याण-बदलापूरच्या माणसांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नदी पाहिली. तेव्हा दुपारची भरती पुराच्या पाण्याला वाट देईना. ते चक्रीवादळ नव्हतं. पण उतरायला जागा नसलेलं पाणी कसं वागतं, ते आपण त्या रात्री शिकलो होतो. नंतर विसरलो.

बेटावरची माणसं विसरत नाहीत. त्या तांडेलाने सांगितलेली तयारी ऐकण्यासारखी आहे. होडी आधी आत, खाडीच्या आडोशाला. दोन होड्यांत मोकळं अंतर, दोर दुहेरी आणि थोडा ढिला, म्हणजे पाणी चढलं तर होडी वर उचलली जाते, दोर तुटत नाही. जाळी माळ्यावर. पिण्याचं पाणी पिंपात झाकून, कारण विहिरीत एकदा खारं पाणी गेलं की पुढचा पावसाळा येईपर्यंत ती कामाची नाही. शिधापत्रिका, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बायकोच्या ताब्यात आणि ती पलीकडे नातेवाइकांकडे. ‘आम्ही मागे राहतो ते होडीसाठी,’ तो म्हणाला, ‘बायकोला पलीकडे पाठवतो ते घरासाठी.’

आपल्याकडे काय आहे? खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी खारजमिनीला बांध घातले होते, पाणी सोडायला उघाड्या ठेवल्या होत्या, बाहेर तिवरांची दाट भिंत होती. कित्येक ठिकाणी रेतीच्या उपशाने काठ खचले, बांधांवर भराव पडले, तिवरं तुटली. त्या भरावांवर आता बहुमजली संकुलं आहेत. वीसाव्या मजल्यावरच्या माणसाला लाट शिवणार नाही, हे खरं. पण त्याच्या विजेचं मीटर, पाण्याचा पंप, जनरेटर, गाडी आणि रखवालदाराची खोली, सगळं तळमजल्यावर किंवा त्याच्याही खाली असतं. खारं पाणी एकदा तिथे शिरलं, की वीस मजले म्हणजे जिना असलेलं बेटच!

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. इशारे आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर आणि नेमके मिळतात. किती वाजता, किती वेगाने, किती उंच पाणी, हे हवामान खातं सांगतं. करोनाच्या दिवसांतही दोन्ही वेळा किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली, हे यश लहान नव्हे. पण कर्त्या पुरुषाला हलवायचं असेल, तर त्याच्या होडीला सुरक्षित जागा आणि खरीखुरी भरपाई आधी द्यावी लागेल. तसं झालं तर तो शाळेत येईल, हट्ट करणार नाही. आणि आपल्या सोसायट्यांनी मीटरची खोली एक मजला वर न्यायला काय हरकत आहे?

तोवर एवढं तरी करावं. पुढच्या वेळी दूरदर्शनवर वादळाचा तो फिरता पांढरा ढग दिसेल, तेव्हा वाऱ्याचा वेग ऐकून झाला की उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जावं आणि तिथी पाहावी. पंचमी-दशमी असेल, तर खिडक्या लावून घ्याव्यात. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल, तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची बेल वाजवावी.