माझ्या गाडीच्या पावसाळी चपला

"टायर चांगले आहेत ना रे? मग दर थंडीत कशाला बदलतोस?" आई फोनवर विचारते. स्टुटगार्टमध्ये मी रोज ऑफिसला १९९४ची माझदा एमएक्स-५ नेतो.

कारण रबर. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायर कडक होत जातो, पकड सुटते. हिवाळी टायर थंडीतही मऊ राहतो. नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरतात.

माझ्या गाडीचा जोर मागच्या चाकांवर. तरी मागचे दोनच बदलून भागत नाही. पुढचे घसरले तर वळणावर गाडी सरळच जाते. चारही सारखे हवेत. रुंद टायरचा मोह टाळून मूळ मापच घेतलं: १८५/६०, १४ इंची.

घेताना टायरची कड वाचतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हवाच. ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर नुसती 'एम प्लस एस' ही खूण चालत नाही. टायर कधी बनला तेही कडेवरच असतं: '३६२३' म्हणजे २०२३चा छत्तिसावा आठवडा. कायद्याला नक्षीची खोली १.६ मिलिमीटर पुरते. मी चारवरच बदलतो.

आईला म्हटलं, "पावसाळी चपला वेगळ्या ठेवतेस ना? तसंच."