उत्तर खरं, तरी चूक कसं?

एमपीएससी राज्यसेवा पूर्वचा सी-सॅट. 200 पैकी 66 गुण मिळाले की पात्र, पण उताऱ्याचा प्रश्न चुकला की त्याच्या अडीच गुणांचा चौथा हिस्सा वजा. आणि उत्तरतालिका बघून बरेच जण म्हणतात, 'माझा पर्याय तर खरा आहे की!' असेल. पण विचारलंय 'उताऱ्यावरून'.

मी बनवलेला उतारा ऐका: 'पावसाळ्यात दाभोसा धबधबा धो धो कोसळतो. उन्हाळ्यात त्याच जव्हार तालुक्यातल्या काही पाड्यांवर बायका हंडे घेऊन लांबून पाणी आणतात.' निष्कर्ष कोणता? एक, इथे बंधारे बांधायला हवेत. दोन, पावसाळ्यात मुबलक असलेलं पाणी उन्हाळ्यात सगळ्यांना पुरत नाही.

जव्हार-मोखाड्याकडचा पोरगा पहिलाच पर्याय निवडेल, कारण ते हंडे त्याच्या आईने वाहिलेत. शहरातला आपसूक दुसऱ्यावर जातो. (अन्याय आहे का? थोडा आहेच.) पण उतारा नुसती परिस्थिती सांगतो, उपाय नाही. बंधारा आपण घरून आणला.

म्हणून मी प्रत्येक पर्यायावर बोट ठेवून विचारतो, हे कुठल्या वाक्यातून आलं? बंधाऱ्याला वाक्यच सापडत नाही. दुसऱ्या पर्यायाला दोन्ही सापडतात.