ब्रा घातलीच पाहिजे का? मापाचं गणित, डॉक्टरी बाजू आणि लोकांची नजर

जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवीने पोळ्या लाटतानाचा एक व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला. विषय पोळ्यांचा होता, पण कमेंटमध्ये चर्चा सुरू झाली ती तिने ब्रा घातली आहे की नाही याची. त्यावर तिने फेसबुकवर 'बाई, बुब्स आणि ब्रा' या शीर्षकाची पोस्ट लिहिली. ब्रा घालायची की नाही ही ज्या त्या बाईची निवड, हे तिचं म्हणणं. पोस्ट तुफान व्हायरल झाली. असंख्य बायकांनी दाद दिली, आणि 'संस्कृती' काढणारेही आलेच.

त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. घालायची की नाही हा प्रश्न पुढचा. कितीतरी जणींना अंगाला नीट बसणारी ब्रा कधी मिळालेलीच नसते.

माल भरपूर, माप नाही

उल्हासनगरचंच घ्या. कॅम्प २ मधल्या गजानन मार्केट, जपानी मार्केटमध्ये कपडे घ्यायला कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या बायका येतात. शहरात अंतर्वस्त्रं शिवणारे छोटे-मोठे कारखानेही आहेत. म्हणजे माल हाताशी. पण अशा बाजारात, खरं तर कुठल्याही गावच्या बाजारात, काउंटरवर बोलणं किती होतं? "दादा, चौतीसची दाखवा." "पॅडेड की साधी?" झालं. मागे गर्दी, समोर पुरुष विक्रेता, ट्रायल रूमचा पत्ता नाही. मिळेल ती पिशवीत टाकायची आणि निघायचं.

इथेच घोळ होतो, कारण '३४' हे अर्धंच माप आहे. हा आकडा छातीखालच्या घेराचा, म्हणजे पट्ट्याचा. त्यापुढचं अक्षर कपचं. टेप घेऊन स्तनांच्या बरोबर खाली घेर मोजायचा, मग स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून. दोन्हींत एक इंचाचा फरक असेल तर 'ए', दोनचा 'बी', तीनचा 'सी', चारचा 'डी'. खालचा घेर ३२ आणि वरचा ३५ आला, तर माप ३२ सी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण सुरुवात इथून करायची.

आता समजा, हीच बाई '३२' मागते आणि हातात येते ३२ बी. कप लहान पडतो, ब्रा काचते. दुकानदार म्हणतो, "ताई, एक नंबर मोठी घ्या." ती ३४ बी घेते. कप बसतो खरा, कारण ३४ बी आणि ३२ सी यांचा कप जवळपास सारखाच असतो. पण पट्टा सैल. तो पाठीवर वर सरकतो आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो. खरं तर मुख्य आधार खालच्या पट्ट्याने द्यायचा असतो. खांद्यावर वळ, मान-पाठ दुखणं, छातीखाली लाल रेषा... हे सगळं 'बाईच्या जातीला' म्हणून सोसलं जातं, आणि कारण असतं चुकीचं माप!

गंमत म्हणजे आपल्याकडे हा प्रकार पूर्वी मापानेच चालायचा. खणाची चोळी शिंपी जिच्या तिच्या अंगाच्या मापाने बेतायचा आणि पुढे गाठ मारून ती हवी तेवढी आवळता यायची. आजच्या ब्राच्या पूर्वजाचं पेटंट अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ मध्ये मिळालं, तेही दोन रुमाल आणि रिबिनीपासून सुचलेल्या कल्पनेवर. 'ए-बी-सी' ही कपची अक्षरं आली १९३० च्या दशकात.

नाही घातली तर काय होतं?

सगळ्यात मोठी भीती: छाती ओघळेल. २००७ साली केंटकी विद्यापीठाचे प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांनी याची कारणं तपासली. वय, वजन, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान, स्तनांचा मूळ आकार ही कारणं निघाली. अंगावर पाजण्याचा संबंध आढळला नाही, हे आपल्याकडच्या घराघरांत सांगायला हवं. उलट, 'ब्रा घातल्यानेच छाती ओघळते' असं फ्रान्समधल्या एका संशोधनाच्या आधारे २०१३ मध्ये फिरलं. पण तो अभ्यास प्राथमिक होता आणि सगळ्या बायकांना लागू करू नका, असं तो करणारे ज्यां-देनी रुईयोंच सांगत होते.

ब्रामुळे कॅन्सर होतो, हा व्हॉट्सअॅपवरचा जुना मेसेज. अमेरिकेतल्या फ्रेड हचिन्सन केंद्राने २०१४ मध्ये तो तपासला. ब्रा किती तास घातली, तार असलेली की नसलेली, कोणत्या वयापासून, कशाचाच संबंध निघाला नाही.

मग गरज कधी? धावताना, उड्या मारताना, जिममध्ये. स्तनांच्या आत स्नायू नसतात; त्वचा आणि आतल्या नाजूक ऊती त्यांना धरून असतात, त्यामुळे जोराच्या हालचालीत दुखतं. तिथे स्पोर्ट्स ब्रा कामाची. छाती जड असेल किंवा बाळाला पाजत असाल, तर आधाराने बरं वाटू शकतं. घरात बसून भाजी निवडताना किंवा झोपताना वैद्यकीय गरज अशी काही नाही.

त्रास होतो तो घामाचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने तासाभराहून जास्त लागतो. लेडीज डब्यातली गर्दी, मे महिना, वर सिंथेटिक पॅडेड ब्रा, आणि ती घरी येईपर्यंत अंगावर. छातीखाली पुरळ, गजकर्ण याला आणखी काय लागतं? त्यात धुतलेली ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालायची पद्धत. ती धड वाळत नाही आणि ओलसर कापडात बुरशीचं फावतं. दोरीवर उन्हात बनियन चालतो, मग ब्रा का नाही?

ठरवतं कोण?

२०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे दुकानांबाहेर नकोत, असा ठराव मंजूर केला. २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात 'नीट'च्या केंद्रावर धातूचे हुक आहेत म्हणून मुलींना ब्रा काढायला लावल्याच्या तक्रारी आल्या. त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. एकीकडे दिसू नये, दुसरीकडे काढाच. दोन्हीकडे घालणारीला कुणी विचारलं नाही.

ब्रा घालणं सक्तीचं करणारा कायदा भारतात नाही. त्यावरून लैंगिक शेरेबाजी करणं मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि शेरा कमेंटमध्ये लिहिला म्हणून सुटका होत नाही. अशी कमेंट आली तर डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. तिथे महिलांसाठी वेगळा विभाग आहे.